झाकण न उघडलेल्या कॅमेऱ्याविषयी

मी, खाली सही करणारा, या रस्त्यावर फोटोकाका म्हणून ओळखला जाणारा, धंद्याने फोटोग्राफर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. दडपण आहे ते उद्याच्या ऑपरेशनचे, पण कायदा त्याला दडपण मानत नसावा. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून तर ते उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काका, आमचं रोजचंच काम आहे, घाबरू नका." पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसांना मीही जन्मभर हेच सांगत आलो आणि त्यातला एकही घाबरायचा थांबला नाही. मी घाबरलो आहे. हे आधीच नमूद करतो, म्हणजे पुढे अक्षर हलले तर कोणी शंका काढू नये.

प्रथम घर. खालचा स्टुडिओ आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. त्या मी माझ्या एकुलत्या एका मुलीला देतो. बँकेत जे असेल तेही तिचेच. स्टुडिओ ठेवावा की मोडावा हे तिने ठरवावे. फक्त डार्करूमच्या दारावरचा लाल दिवा काढू नये. तो लागलेला असला की दार वाजवायची हिंमत तिच्या आईशिवाय कोणी केली नाही. तीही वाजवायची आणि बाहेरूनच म्हणायची, "चहा ठेवलाय. गार झाला तर माझ्यावर ओरडायचं नाही."

माझा जुना, रोलचा कॅमेरा समोरच्या फ्रेमवाल्याला द्यावा. आमची मैत्री जुनी आहे. तो त्यात रोल घालणार नाही, काचेच्या पेटीत ठेवून गिऱ्हाइकांपुढे मिरवील, तरी द्यावा. त्याने एक लक्षात ठेवावे. लिव्हर ओढली की डाव्या अंगाची बारीक चकती उलटी फिरते. ती फिरली म्हणजे आत फिल्म सरकते आहे. प्रत्येक फोटोनंतर डोळ्याच्या कोपऱ्यातून मी ती चकती बघत आलो. लोकांना वाटायचे, काका कसल्या तरी गहन विचारात आहेत.

धाकट्या भावाला काही नाही. हिच्या शेवटच्या आजारात आम्ही दोघे इस्पितळात असताना त्याने आमच्यावर उपकार म्हणून डार्करूम आवरली आणि फोटो मोठे करायचा माझा एनलार्जर भंगारात घातला. "दादा, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं," म्हणाला. होते, कबूल. पण विचारायला जीभ झिजत नव्हती. तरी सख्खा भाऊ आहे, रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून डार्करूमचे काळे पडदे त्याला देतो. त्याने ते धुऊन वापरावेत.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो दुसरा कॅमेरा. धंदा बसत चालला होता, रोल धुवायला कोणी येत नव्हते, तेव्हा मुलीने हट्टाने मला डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. त्याने पुढची काही वर्षे आमचे पोट भरले, हे मान्य केलेच पाहिजे. पण फोटो काढला की तो लगेच मागच्या पडद्यावर उमटतो, आणि लग्नातले सगळे नातेवाईक माझ्या पाठीवर पडायचे. "काका, दाखवा. काका, मावशीचे डोळे मिटलेत, परत काढा." शेवटी मी त्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. मुलीने डोक्याला हात लावला. "अहो बाबा, तो बघायलाच दिलाय." मी म्हटले, बघायचे ते मी आधीच बघितलेले असते.

ही पट्टी मला एका लग्नात भोवली. या कॅमेऱ्याला चकती नाही. आत कार्ड असो वा नसो, तो तसाच खट् वाजतो. मी अर्धे लग्न टिपले आणि मुलगी धावत आली, "बाबा, कार्ड घरी टेबलावरच राहिलं." कॉम्प्युटरमध्ये फोटो भरायला तिने ते काढले होते. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोनंतर माझा डोळा नसलेली चकती शोधत राहिला.

माझी बायको कधी फोटोला बसली नाही. "जगाचे काढा, मला कामं आहेत." पण तिला इस्पितळात न्यायचे होते त्या सकाळी ती आपणहून म्हणाली, "अहो, आज माझा एक काढा." केस विंचरून खिडकीशी बसली. मी एकच काढला, रोलची सवय. मुलगी गाडी बघायला खाली गेली. मी रात्रभर जागा होतो, खुर्चीत टेकलो तो तिथेच डोळा लागला. हिनेच हलवून उठवले, "उठा, गाडी आली." ती घरी परत आली नाही.

गाडीतच मला आठवले होते. आदल्या दिवशी मुलीने कार्ड काढले होते. परत घातले का?

तीन वर्षे झाली. धंदा मी बंद केला. कॅमेरा सुरू केला नाही, कार्डाचे झाकण उघडले नाही. काळ्या पिशवीत गुंडाळून डार्करूमच्या फळीवर ठेवला आहे. मुलीला विचारले असते तर एका शब्दात उत्तर मिळाले असते. पण ते 'नाही' असे आले असते, तर आईचा शेवटचा फोटो आपल्या हातून गेला हे ओझे तिने जन्मभर वाहिले असते. न धुतलेल्या रोलमधले सगळे फोटो चांगलेच असतात. म्हणून माझ्यामागे झाकण फ्रेमवाल्याने उघडावे. कार्ड असेल तर फोटो मुलीला द्यावा. नसेल तर कॅमेरा चोरीला गेला म्हणून सांगावे आणि मुलीला यातले एक अक्षरही कळू देऊ नये.

येथवर लिहून साक्षीदारांना बोलावले. फ्रेमवाल्याने सगळे वाचायला घेतले. न वाचता सही त्याने लग्नातसुद्धा केली नसती. वाचून पेन खाली ठेवले.

"अरे, हे मृत्युपत्र वाचणार कोण?"

"मुलगी."

"मग तिला कळू नये ते तिलाच लिहून देतोयस?"

मला घाम फुटला. दुसरे साक्षीदार, शेजारच्या दवाखान्यातले कंपाउंडर, माझी नाडी बघू लागले. फ्रेमवाला डार्करूममध्ये जाऊन पिशवी घेऊन आला. "आत्ता उघड. नाहीतर मी सही करत नाही."

मी डोळे मिटले आणि अंगठ्याने झाकण सरकवले. कार्ड होते.

बॅटरी मेलेली होती. कंपाउंडरांनी ती चार्जरला लावली, फ्रेमवाल्याने नखाने चिकटपट्टी खरवडली. मग मी बटण दाबले. यात शेवटचा फोटो आधी दिसतो. तो हिचा नव्हता. माझा होता. खुर्चीत झोपलेला, तोंड उघडे, चष्मा नाकावर घसरलेला, मुठीत लेन्सचे झाकण घट्ट धरलेले. फोटो हललेला आहे. खोलीत तेव्हा आम्ही दोघेच होतो. जन्मात कॅमेऱ्याला हात न लावलेल्या बाईने तो काढला आणि मला सांगितले नाही.

मी बराच वेळ रडलो.

मग फ्रेमवाला म्हणाला, "बाण दाब. तिचा याच्या मागेच असेल."

"ऑपरेशन होऊन घरी आलो की बघेन."

"आणि नाही आलास तर?"

"तर पोरगी बघेल."

म्हणून वरील चोरीची बाब रद्द समजावी. हा कॅमेरा मुलीचा. तो काळ्या पिशवीत नव्हे, टेबलावर, बॅटरी भरून ठेवला आहे. कार्ड तिने परत घातले होते, हे तिला सगळ्यात आधी सांगावे. मी गेलो तर भिंतीवर माझा झोपलेला फोटो लावू नये. मला अजून भीती वाटते आहे, दुपारी हे लिहायला बसलो तेव्हापेक्षा जास्तच वाटते आहे, कारण आता परत यायचे आहे.

ठिकाण: स्टुडिओच्या वरची खोली, खिडकीशी.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.

(सही) फोटोकाका

साक्षीदार: कंपाउंडर, शेजारचा दवाखाना. लिहिणाऱ्याची नाडी जलद, शुद्ध उत्तम.

साक्षीदार: समोरचा फ्रेमवाला. वहिनींच्या फोटोसाठी चौकट आजच कापून ठेवतो. फोटो याने स्वतः आणून द्यावा. दुसऱ्या कोणाच्या हातून मी घेणार नाही.