पानाच्या तळाचा आकडा

नगर, डिसेंबर १९९९, मंगळवार

लेकीने इंटरनेटवर टाकलेल्या माझ्या लेखांपैकी शाळेतल्या कवितांवरचा जुनाच लेख रोज कोण उघडतं, ते आज कळलं. पान कुणी उघडलं की एकाने वाढणारा तळाचा आकडा वाढतच होता. मला वाटायचं, खर्ड्याच्या शाळेत माझ्या वर्गात असलेली कुसुम. वाचून त्यातली तिची आवडती कविता अजून चालीवर म्हणत असेल.

इंटरनेट कॅफेवाल्या रशीदभाईंना विचारलं, तर ते हसले. "काका, ते आमीच की! तुमच्या पानावर चित्रं न्हाईत, झटक्यात उघडतं. सकाळी फोनवरनं इंटरनेटची लाईन लागली का, ते त्याच्यावरच बघतो. दुसरं पान लावू का?"

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुसुम नाही, तर नाही.

"राहू द्या," म्हणालो.

घरी आल्यावर ती कविता म्हणायला गेलो, तर दुसरं कडवं आठवेना. आकडा तेवढा डोळ्यांपुढे. उद्या लाईन लागली की पुन्हा वाढेल. मी बघायला जाईनच.