कडी बाहेरून

तीर्थस्वरूप वन्संना नमस्कार.

तुमचा खोकला थांबला का? काढा घेताय असं लिहिलंत, पण तुम्ही तो कुंडीत ओतता हे मला ठाऊक आहे. असो. ‘तबेला विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये,’ हे तुमचं म्हणणं मला अगदी पटलं आहे. तबेल्याचं घर आम्ही केलं खरं, पण ते तबेल्याला कुणी सांगितलंच नाही. जमीन अजून नाल्याकडे उतरती (घोडे धुवायची सोय), त्यामुळे माझी खाट हळूहळू दाराकडे निघते. खोल्यांमधल्या भिंती छातीपर्यंतच, कारण शेजाऱ्याचं तोंड दिसलं की घोड्याला म्हणे करमतं. मी कुणाचं तोंड बघू? रोज निराळ्या खोलीत अंथरूण टाकते, पुस्तक उघडते, तेच पान पुन्हा वाचते आणि उठते.

दारं अर्धी-अर्धी, आणि कडी बाहेरून, खालच्या फळीला, पार तळाशी. हुशार घोडा आतली कडी काढतो ना! जुन्या वास्तूंचं खातं ती हलवू देत नाही. तुमचे भाऊ म्हणायचे, “आपण दोघं आहोत. एक जण बाहेर असतोच.”

परवा वाऱ्यानं स्वयंपाकघराची खालची फळी आपटली, कडी पडली आणि मी आत. (ही पूर्वीची खोगिरांची खोली, हिला दुसरं दार नाही.) खालच्या कडीपर्यंत हात पोचेना, म्हणून वरची फळी उघडून मान बाहेर काढून उभी राहिले. शेजारच्या शिंपीणबाई आल्या. “काय काकू, आज अगदी दारात?” लाजेनं म्हटलं, “हवा छान आहे.” बराच वेळ हवेवर बोललो आणि त्या निघून गेल्या! मग दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. म्हटलं, “तुम्हीच उघडा, घर आपलंच समजा.” एवढ्यावरच गिऱ्हाईक खूश. आत येऊन म्हणालं, भिंती चढवू, जमीन सपाट करू, खात्याचं बघून घेऊ. सगळं शहाणपणाचं. आणि मी म्हणाले, “विकायचं नाही.” दलाल माझ्याकडे बघतच राहिला. मलाही नवल वाटलं.

पण विकीन. घर वाईटच आहे.

तुमची भावजय

ता. क. : विकणार नाही.

ता. क. दुसरं : मी येत नाही, तुम्हीच इकडे या, कायमच्या. इथे सगळे तुमच्या भावांना देवमाणूस म्हणतात. ते किती हट्टी होते हे माहीत असलेलं तुमच्याखेरीज कुणी उरलं नाही. या, दोघी मिळून त्यांना नावं ठेवू.