दोनशे अकरा जुन्या मागण्या

मनीषनगर, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मयुराताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. आईचा, म्हणजे तुझ्या काकूचा, गुडघा दुखतो, पण ती कुणाचं ऐकत नाही. तुझं बेसा इथून दहा मिनिटांवर आणि मी पत्र लिहून राहिलो, याचं तिला हसू येतं. "उठून जाय ना गा तिच्याकडे, पोस्टमनले काहून तरास देऊन राहिला?" म्हणाली. माझा मेल तू उघडणार नाहीस, म्हणून कागद.

आपलं टूल चालू आहे. हजारेक लोक आपलं सॉफ्टवेअर पॅकेज रिलीज करण्याआधी त्यात बिघाड नाही ना, हे अजून त्यातूनच तपासून घेतात. तू गेल्यापासून सगळं मी एकटाच बघतो. लोकांनी मागितलेल्या नव्या सोयींचा ढीग साचला होता, दोनशे अकरा मागण्या. प्रत्येकीला मी 'नंतर बघू' अशी चिठ्ठी लावून ठेवायचो. नाही म्हणायला मला जमत नाही आणि हो म्हटलं की काम करावं लागतं. शेवटी मागच्या आठवड्यात हे काम आपोआप करणारी एक स्क्रिप्ट लिहिली: दोन वर्षांत ज्या मागणीवर कोणी बोललं नाही, ती बंद करायची आणि मागणाऱ्याला तसा मेल टाकायचा. चहा पिऊन येईस्तोवर एकशे चौऱ्याण्णव बंद. फार बरं वाटलं.

मग यादी वाचली. आधी वाचायची असते, पण माझी पद्धत तुला ठाऊक आहे. त्यात तुझी २०२१ची मागणी होती: 'एखादं पॅकेज रिलीज करायची परवानगी एकाच माणसाकडे उरली असेल, तर टूलने इशारा द्यावा.' म्हणजे तुलाही मेल आला असेल, 'प्रतिसाद नसल्यामुळे मागणी बंद करत आहोत, सहभागाबद्दल आभार.' ताई, तो स्क्रिप्टने पाठवला.

स्क्रिप्ट मीच लिहिली, हेही खरं.

आपलं टूल रिलीज करायची तुझी परवानगी मी काढून घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू ती मागणी टाकली होतीस. ती कुणाला उद्देशून होती ते मला तेव्हाच कळलं, म्हणून चार वर्षं तिच्यावर एक ओळ लिहिली नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं, मयुराने घाईत टूलची बिघडलेली आवृत्ती रिलीज केली. चार दिवस टूल हरेक पॅकेजला 'ठीक' म्हणत सुटलं होतं. पण रिलीज करण्याआधी तू मला विचारलं होतंस, "तपासलं का गा?" मी हो म्हणालो. मी ती आवृत्ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. हे आजवर आईलाही सांगितलेलं नाही. लाज वाटते.

काल तुझी मागणी पुन्हा उघडली आणि तिच्याखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की चूक माझी होती. मग तो इशारा लिहिला, दोनदा तपासला आणि पहिल्यांदा आपल्याच टूलवर चालवला. इशारा आला.

तुझी परवानगी परत देणारं निमंत्रण पाठवलंय. सात दिवसांत ते आपोआप रद्द होतं, तो नियम माझा नाही. परत ये म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, पण तू यावंस असं फार वाटतं. यायचं नसेल तर 'नाही' एवढंच लिही. तुझ्या मागणीवर तर मी तेवढंही लिहिलं नव्हतं.

तुझा लहान भाऊ,
पियूष