गवती चहाला कुंकू

बुध., ५ जुलै
मुक्ताला आजपासून मच्छरांच्या कॉइलचा धूर बंद. डॉक्टर साफ बोलले, आठ वर्षांच्या दमेकरी पोरीच्या उशाशी तुम्ही रोज धूर करता? घरी येऊन कॉइलचं अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी ह्यांनी करोल बागेतून ते विजेवरचं मशीन आणलं, निळ्या वड्यांचं. टीव्हीवर सारखं दाखवतात ते. धूर नाही, त्रास नाही म्हणे. तासाभरात पोरगी खोकायला लागली. मशीन कपाटावर गेलं. ह्यांचं तोंड उतरलं, पण आज मला कुणाची समजूत काढायला वेळ नाही. मच्छरदाणी बाहेर काढली, सासूबाईंनी तिची भोकं शिवली. झोपेपुरतं भागलं. अभ्यास, जेवण, खेळ, हे सगळं काय मच्छरदाणीत बसून करायचं?

रवि., ९ जुलै
खिडकीखालची मातीची पट्टी. तळमजल्याला हेच एक सुख. गेल्या वर्षी साताऱ्याहून येताना आईने गवती चहाची ठोंबं ओल्या फडक्यात बांधून दिली होती. इथे दिल्लीत, मयूर विहारच्या मातीत ती अशी माजलीयेत की साताऱ्यातसुद्धा माजली नसती. आज शेजारी सब्जा आणि पुदिना लावला. पाती बारीक कापून खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवली, गाळून बाटली भरली. तिन्हीसांजेला मु.च्या हातापायांना तेल, खिडकीच्या गजांना चुरडलेली पाती. तासभर बरं चालतं. मग परत चोळायचं.
हे म्हणाले, झाडं लावून मच्छर जात असते तर यमुनेच्या काठी एक दिसला नसता. बरोबर आहे. नुसती लावून काही होत नाही, चुरडावी लागतात, हात हिरवे होतात. पण हात माझे ना?

शुक्र., १४ जुलै
सोसायटीचे सेक्रेटरी खन्नाजी गेटवर भेटले. भाभीजी, हे जंगल काढून टाका, मच्छर इथूनच येतात. मी म्हटलं, मागचा नाला बघितलात का कधी? हसले नुसते.
खरी गोष्ट मला ठाऊक आहे. सहा महिन्यांत हप्त्यांवर नव्या गाड्या आल्यात आणि उभ्या करायला जागा नाही. माझ्या पट्टीवर फरशी घालून तिथे पार्किंग करायचंय. पहिली गाडी खन्नाजींचीच, पांढरी. म्हणजे तिचा धूर रोज सकाळी मु.च्या उशाशी. घरातला धूर मी काढायचा आणि खन्नाजींनी बाहेरून आणून सोडायचा. नाही म्हणजे नाही.

मंगळ., १८ जुलै
ऑफिसच्या चार्टर्ड बसमधून उतरून आले तर पट्टी साफ. गवती चहा बुडख्यापासून कापलेला. सब्जा, पुदिना उपटलेला. माळी रामफल म्हणाला, साहब बोले घास काट दो, हमने काट दी. त्याला काय बोलू? इथे कुणाला हे झाड माहीतच नाही. चहात आलं घालतील, वेलची घालतील, पण आम्ही पाती घालतो म्हटलं की तोंडाला पदर लावून हसतात.
सगळ्या ब्लॉकला वास सुटला होता. मी पायरीवर बसून रडले. रागाने. मु. कापलेली पाती गोळा करून आली, म्हणाली, आई, ये चायवाली घास रख लूँ? मराठीत बोल गं, एवढंच म्हणता आलं.
ठोंबं शाबूत आहेत. फुटणार.

शनि., २९ जुलै
फुटलं. चांगलं वीतभर. आणि रामफल परत विळा घेऊन येताना दिसला.
मी काही बोलायच्या आत सासूबाई पूजेचं तबक घेऊन बाहेर. चार विटा मांडल्या, प्रत्येक ठोंबाला हळदकुंकू लावलं, लाल दोरा गुंडाळला, पणती ठेवली, हात जोडून उभ्या राहिल्या. मी हळूच म्हटलं, आई, अहो चहा आहे हा.
"मला सांगतेस? त्यांना कुठे ठाऊक आहे?"
रामफलने विळा खाली ठेवला, नमस्कार केला आणि गेला. थोड्या वेळाने खन्नाजी आले. चपला काढाव्या की नको हे त्यांना ठरवता येईना. शेवटी लांबूनच मान वाकवून गेले. सासूबाई आणि मी दार लावून हसत बसलो. पोट दुखलं. किती वर्षांनी दोघी एकत्र हसलो असू.

सोम., १४ ऑगस्ट
गवती चहा गुडघ्याला आलाय. तेलाची बाटली भरलेली. मु. बरी आहे, शाळा बुडली नाही.
पण वरच्या मजल्यावरच्या मिसेस भाटिया आता रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतात आणि पणती लावतात. कौनसी देवी हैं, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, आमच्या गावाकडची. (खोटं तरी कुठे आहे.) मग शेजारच्या ब्लॉकमधल्या बायका यायला लागल्या. गुरुवारी बत्तासे. काल एकीने नवस बोलल्याचं कळलं, मुलाला नोएडात नोकरी लागावी म्हणून.
आता कात्री चालवायची पंचाईत. कुणी उठायच्या आत जाऊन, इकडेतिकडे बघून चार पाती कापते. माझी पट्टी, माझं झाड, आणि चोरी मीच करायची. हे हसतात. मला आता हसू येत नाही.

गुरु., २४ ऑगस्ट
महापालिकेचे मच्छर तपासणारे आले होते. कूलर बघितले, टाक्या बघितल्या, मग पट्टीपाशी वाकले. बायकांनी विटांमागे लावून ठेवलेल्या सगळ्या पणत्या पावसाच्या पाण्याने भरलेल्या, आणि पाण्यात अळ्या वळवळतायत. माझ्याच खिडकीखाली! गेले काही दिवस मु.चे पाय फुटकुळ्यांनी भरलेत, ते का हे आज कळलं. लाजेने कान तापले.
खन्नाजींना आयतं सापडलं. बोर्डावर लगेच कागद: रविवारी ३ तारखेला मीटिंग, विषय पट्टीवर फरशी. फरशा गेटपाशी उतरल्यासुद्धा.
पणत्या सगळ्या उपड्या केल्या. तास झाला नसेल, भाटिया नव्या घेऊन हजर. पाणी घालू नका म्हटलं तर म्हणाल्या, देवीला तहानलेलं कसं ठेवायचं?

शनि., २ सप्टें.
काल मु.ला धाप लागली. मी भाजी आणायला गेले होते, मच्छर फार झाले म्हणून ह्यांनी कपाटावरचं मशीन काढून लावलं. न विचारता. डॉक्टरांकडे पळालो. आता ठीक आहे, उशीला टेकून चित्रं काढतेय.
मी ह्यांना नको ते बोलले. तेही बोलले. पट्टीचं तू डोक्यात घेतलंयस म्हणाले. हो, घेतलंय.
मग उद्याच्या मीटिंगचं निघालं. हे आणि सासूबाई दोघांचं एकच: तू गप्प बस. देवी आहे म्हटलं की भाटिया सगळ्या बायकांना घेऊन आपल्या बाजूने उभ्या राहतील, फरशी होत नाही. अगदी खरं आहे. पट्टी वाचेल. पण मग पणत्याही राहतील, तांबेही राहतील आणि अळ्याही. मला पट्टी हवी आहे ती कशासाठी? पूजेला?
सासूबाई म्हणाल्या, जिंकत आलेला डाव उधळू नकोस.
बघते.

रवि., ३ सप्टें.
उधळला.
मीटिंग पट्टीसमोरच होती, खुर्च्या टाकून. खन्नाजींचं भाषण झालं. भाटिया उठल्या, आस्था का मामला है वगैरे. बायकांनी माना डोलावल्या. मी घरातून कात्री, स्टोव्ह आणि मोठं पातेलं आणलं. सगळ्यांच्या देखत कुंकू लावलेली मूठभर पाती कापली. कुणीतरी हाय म्हणालं.
"यह देवी नहीं है। यह चाय में डालने की पत्ती है, और मेरी बेटी की साँस के लिए लगाई है। इसे पूजिए मत, काटिए।"
भाटियांचा चेहरा बघवेना. "इतने दिन माथा टिकवाया हमसे," म्हणाल्या. मी म्हटलं, चुकलं, पण खोटं बोलून वाचवलेली जागा मला नको. त्या उठून गेल्या. त्यांच्यामागे एकेक करून बाकीच्या. खन्नाजी खुशीत म्हणाले, तर मग मतदान घेऊ. बघतात तर खुर्च्या रिकाम्या, कोरमपुरतीही माणसं नाहीत. मीटिंग बुधवारवर गेली.
पातेल्यातला चहा उकळतच होता. कुणी हात लावेना. मग हे उठले, कालपासून माझ्याशी शब्द बोलले नव्हते, ट्रे उचलला आणि उरलेल्या प्रत्येकापुढे नेऊन धरला. रामफलने घेतला. हे स्वतः दोन कप प्यायले, उभ्या उभ्या, खन्नाजींसमोर.

सोम., ४ सप्टें.
जिन्यात कुणी बोलत नाही. नमस्तेला उत्तर नाही. सासूबाई घरातसुद्धा गप्प होत्या. दुपारी एकच वाक्य बोलल्या, निदान पाती धुऊन तरी घ्यायचीस, कुंकवासकट उकळलीस.
विटा काढल्या. दोरे काढले. पणत्या सगळ्या धुऊन टोपलीत भरून भाटियांच्या दारात ठेवल्या, बेल वाजवली नाही. मु.ने विचारलं, आई, आपण हरलो? मराठीत विचारलं. म्हटलं, अजून नाही.

मंगळ., ५ सप्टें.
सकाळी पाती कापायला गेले. आज चोरासारखी नाही, चांगलं उजाडल्यावर, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असताना. पणती नाही. पाणी नाही. माती कोरडी, मच्छर कमी.
आणि कडेच्या ठोंबाची चार पाती आधीच कुणीतरी कापून नेलेली. विळ्याने नाही, कात्रीने, बुडख्याला धक्का न लावता. घरात विचारलं, कुणीच कापली नाहीत. जिन्यात भाटिया दिसल्या, माझ्याकडे न बघता वर गेल्या. मीही काही विचारलं नाही.
मु.ला तेल चोळून शाळेत पाठवलं. नवी बाटली करायला घेतली आहे, यावेळी मोठी. मीटिंग उद्या. फरशीवाल्यालाही खन्नाजींनी उद्याच बोलावून ठेवलाय म्हणे. येऊ दे.