कापडी टपाची गाडी

४ मार्च ६२, रवि.
गाडी आणली एकदाची! दुर्गच्या ठेकेदाराची, जुनी, विलायती, दोन दारांची, वर कापडी टप. त्यानं पक्क्या छताची नवी घेतली. ही कोणी घेत नव्हतं. भिलाईत उघडी गाडी म्हणजे डोक्यावर ऊन अन् नाकात लाल धूळ. म्हणूनच आपल्याले परवडली.
शांता फाटकात उभी. "अवो, टपाची तं चाळणी झाली!" म्हटलं, शिवून घेऊ. पाय मोडला तेव्हापासून सायकल म्हणजे शिक्षा. संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा. आता पोलाद कारखान्यातल्या मिलपर्यंत बसून जायचं, बसून यायचं. शौक नाही, सोय आहे, असं सगळ्यांना सांगणार. थोडा शौकही आहे.

६ मार्च
पहिल्यांदा ड्यूटीवर गाडीनं. शेजारचे दानी साहेब बरोबर. नागपूरचे, मिलच्या ऑफिसात. आता रोज येणार म्हणाले. टप मागं पाडून, उघड्या गाडीनं गेलो. गेटवरच्या शिपायानं सलाम ठोकला, कोणाले ते त्याचं त्यालेच माहीत. पाय अजिबात दुखला नाही. दोघांचेही शर्ट लाल झाले. शां. धुताना बडबडत होती.

११ मार्च, रवि.
पॉवर हाउसच्या बाजारात मांडववाल्याकडून टप शिवून घेतला. हिरवी ताडपत्री. शां. म्हणते, भाजीचा ठेला दिसून राहिला. असू दे. चढवला की आत गार सावली, अन् आत कोण बसलं ते बाहेरून कळतही नाही.

१८ मार्च, रवि.
खुर्सीपारच्या मजूर वस्तीवरून बाई आली. माझी मोठी बहीण. नामदेवले घेऊन. हा तिचा मुलगा, आमच्याच मिलमध्ये ठेकेदाराकडे फिटर. लग्न ठरलं त्याचं! पोरगी रुआबांध्याची. २२ एप्रिल.
नामदेव गाडीभोवती फिरून आला. "मामा, वरात तुमच्याच गाडीत. टप उघडा ठेवून."
बाई म्हणे, "सेक्टरच्या मोठ्या रोडनं ने, मधू. मले पाह्यचं हाये."
मले कळलं ती काय म्हणते ते. तिच्या लग्नात भाटव्यांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, वरात गावच्या मारुतीपुढं आली तशी खाचरातून खाली उतरवली. आपल्या लोकांनी देवळासमोरून बसून जायचं नाही, अशी रीत. बाई मुंडावळ्या बांधून तापल्या मातीवरून चालली. मी तिचा पदर धरून. आता दीक्षा घेतल्यावर आमच्यासाठी ना तो मारुती, ना ती रीत. बाईले फक्त आपला पोरगा बसलेला पाहायचा आहे.
हो म्हटलं. लगेच. छाती फुगली होती.
ते गेल्यावर ध्यानात आलं. मोठा रोड म्हणजे आमच्याच क्वार्टरवरून. दानींच्या व्हरांड्यापुढून.

१९ मार्च
क्वार्टर मिळालं त्या दिवशी दानींनी विचारलं होतं, "वानखेडे म्हणजे अमरावतीकडचे पाटील का?" मी म्हटलं, "हो, तिकडलेच." झालं. आम्ही भंडाऱ्याकडचे, अन् गावचा पाटील आमच्या बापाले ओट्यावर चढू देत नव्हता. पण तोंडातून हो निघालं. तेव्हापासून त्यांच्यापुढं 'मला', घरात 'मले'. शां.ले कुंकवाची डबी आणून दिली मीच. कोणी मारलं असतं का मले? नसतं मारलं. चहा कमी झाला असता फक्त. तेवढ्यासाठी.

३० मार्च, शुक्र.
लिहावं की नाही.
सुटीच्या वेळी गेटवर गाडी हळू केली. दानी शेजारी. नामदेव चारपाच मित्रांसंगं उभा होता. मोठ्यानं, हात वर करून, "जयभीम मामा!"
मी म्हटलं, "नमस्कार."
मित्र पाहून राहिले त्याच्याकडे. गाडी पुढं काढली.
दानी म्हणाले, "मामा? ओळखीचा वाटतं?"
"ठेकेदाराचा माणूस आहे. सगळ्यांनाच मामा म्हणतो."
ते हसले. मी बी हसलो. हसलो मी! थूत् माझ्या जिंदगानीवर.

१ एप्रिल, रवि.
खुर्सीपारले गेलो. सायकलनं. बाईले सांगितलं, गेअर बिघडला, पार्ट कलकत्त्यावरून येईल, लग्नापर्यंत होणार नाही. बाई पापड लाटून राहिली होती. म्हणे, "जाऊ दे, लोखंडाचा काय भरवसा. तू मात्र लवकर ये, मामाशिवाय नवरदेवाले बाहेर काढते कोण?" नामदेव घरी नव्हता, बरं झालं. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही तिनं.

४ एप्रिल
आता गाडी काढता येत नाही. खुर्सीपारचे शंभर लोक गेटवर असतात, कोणीही पाहील. दानींना बी तेच सांगितलं, गेअर. म्हणून घरी मोटार ठेवून मी सायकल मारून राहिलो. पाय ठणकते. गड्या, असा मूर्ख अख्ख्या प्लांटात दुसरा नसंल.
संध्याकाळी बाईनं कोणाच्या हातानं तेल पाठवलं. निरोप, मधूच्या पायाले लाव, सायकल चालवून राहिला बिचारा. बाटली फडताळात ठेवली. लावलं नाही. लावायची हिंमत नाही.

९ एप्रिल
दानीबाईंकडे चैत्राचं हळदीकुंकू. शां. गेली नाही. मी म्हटलं, जाऊन ये, वाईट दिसते. अशी उसळली!
"मले दोन वर्षं बसवलं त्या बायांत. कुलदैवत कोणतं इचारलं तं मी आजारी पडल्यासारखी घरी आली. तुमच्यापायी खोटं बोलली मी. पण नामदेव मले मामी म्हणते. त्याची वरात मी रस्त्यावर उभी राहून पाहीन, अन् गाडी मागं अंगणात. जमणार नाही मले."
मी जोडे पुसायले घेतले. ती म्हणे, "बोला ना. काऊन नाही बोलत?"
बरोबर बोलली.

१५ एप्रिल, रवि.
दानी सकाळीच दारात. सासूबाई नागपूरवरून येतात, पॉवर हाउस स्टेशनावरून आणायचं, गाडी झाली का दुरुस्त? तोंडातून परत हो निघालं. या तोंडाले काय करावं!
टप चढवला, घट्ट बांधला. म्हातारीले घेऊन परत येताना रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. बाजूले सायकल येऊन थांबली. नामदेव. हँडलले पताकांचा निळा कागद बांधलेला. टपाच्या फटीतून त्यानं आत पाहिलं. मले, दानींना, म्हातारीले. मग गेअरच्या दांड्याकडे.
"नमस्कार साहेब," म्हणाला.
फाटक उघडलं. गेला.
घरी येऊन गाडीतच बसून राहिलो. शां. दोनदा बोलवायले आली.

२१ एप्रिल, शनि.
आज हळद. गेलो. सगळे नीट बोलले, त्याचाच त्रास झाला. रिक्षा सजवून ठेवली, निळ्या पताका, कागदाची फुलं. नामदेवनं पाट दिला बसायले. "पाय जपा." मामा म्हणाला नाही. बाईले त्यानं सांगितलेलं दिसत नाही. ती सगळ्यांना सांगून राहिली, माह्या भावाची गाडी बिघडली, नाही तं पाह्यलं असतं तुमी.

२२ एप्रिल, रवि.
सकाळी टप पाडला. शां. पांढरं पातळ नेसून पुढच्या सीटवर बसली, कपाळ मोकळं. दानी व्हरांड्यात पेपर वाचत होते. "कुठे निघालात, एवढे नटूनथटून?"
"भाच्याचं लग्न आहे. खुर्सीपारले. आमी बौद्ध आहो, दानी साहेब. अमरावतीचे नाही."
'खुर्सीपारले' असंच म्हणालो, घरच्यासारखं. क्लच सुटला, गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू केली. त्यांनी काय केलं पाहिलं नाही.
खुर्सीपारात नवरदेव रिक्षात बसला होता. पोरं ओरडली, गाडी आली, गाडी आली! मी दार उघडून उभा. म्हटलं, "चाल नामदेव."
तो म्हणाला, "रिक्षावाला सकाळपासून थांबला हाये, त्याले नाराज नाही करत."
सगळ्यांसमोर. हळूच. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिले कळलं. येऊन मागच्या सीटवर बसली, पदर सावरून, ताठ.
रिक्षा पुढं, वाजा पुढं, मागं आमची उघडी गाडी, पहिल्या गेअरमधे, सेक्टरच्या मोठ्या रोडनं. लोक दारात. दानीबाई दारात. नवरदेवाची जागा रिकामी. ऊन असं लागत होतं तोंडाले की कुठं पाहावं समजेना. बाई मागून म्हणे, "हळू चालव, मधू. मले दिसू दे."

२४ एप्रिल
दानी दोन दिवस बसनं गेले. आज फाटकाशी समोरासमोर. "घाई होती जरा," म्हणाले. म्हटलं, "हो." गाडी एकट्यानं नेली. पाय दुखला नाही. पण आरामही वाटला नाही.

२९ एप्रिल, रवि.
नव्या जोडीले जेवायले बोलावलं. मीच जाऊन आलो. बायको त्याची चांगली पोरगी, हसून "मामा" म्हणाली. नामदेव नळावर पाणी भरून राहिला होता. म्हटलं, गाडी घेऊन येतो घ्यायले. "नको. जमलं तं येऊ सायकलनं." म्हटलं, नामदेव, चुकलं माझं. बादली उचलून आत गेला. ऐकलं त्यानं, एवढं पक्कं.
आता दिवे लागले. कोणी आलं नाही अजून. शां.नं विचारलं, भात किती टाकू.
चौघांचा टाक म्हटलं.