हातच्यावरून झालेलं भांडण

लोरेटा,

मी ट्रक घेऊन निघालोय, शुक्रवारी संध्याकाळी येईन. तुझ्या गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून हीटरची तार भिंतीच्या प्लगला लावून ठेवलीये. निघताना आठवणीने काढ, मागच्या वेळेसारखी शाळेपर्यंत फरफटत नेऊ नकोस. सूप फ्रिजमध्ये आहे.

काल आपल्या आयडाला हातचा घेऊन वजाबाकी शिकवली, चूक माझीच. तुम्ही शिक्षक आता संख्यारेषेवर उड्या मारत शिकवता, हे मला ठाऊक होतं. पण ऐन वेळी हात जुन्याच सवयीने चालला. पोरगी आपल्या दोघांच्या मध्ये रडत बसली, आणि तू जी गप्प झालीस ती झालीसच.

एक सांगायचं राहिलं. वर्गातल्या मुलांच्या आईबापांसाठी तू जे छोटे व्हिडिओ केलेस ना, ते मी वाटेत ट्रक थांबवून बघतो. त्या उड्या आता जमतात मला. तरी एक व्हिडिओ मी परत परत लावतो. त्यात तू म्हणतेस, "चुकलं तर चुकलं रे राजा, ये इकडे, परत करू."

शुक्रवारी दार उघडशील तेव्हा एवढंच म्हण.

ड्वेन