अखाजीची घागर

प्रिय आबा,

अखाजी जवळ आली, पितरांच्या नावाने घागर भरायचा दिवस, म्हणून लिहिते आहे. तुम्ही पाण्याची वाट बघत बसाल आणि तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नसेल, हे मला सहन होत नाही.

धुळ्याच्या मिशन दवाखान्यात मला उमेदवारीची जागा मिळाली. रोग्यांपाशी बसायचं, त्यांचं ऐकायचं, मरणाऱ्याजवळ प्रार्थना करायची, हे काम तिथे शिकवतात. तुमच्या शेवटच्या दुखण्यात भावकीतलं कुणी उंबरा ओलांडून आत आलं नाही, का तर घरात बाटगी पोरगी. तेव्हापासून मला हेच काम हवं होतं. आणि काकांनी सांगूनच टाकलंय, "आबा होता तोवर ठीक. आता भाकर तुझ्या येशूकडे माग."

मुलाखतीला पाद्रीसाहेब होते, डॉक्टरबाई होत्या आणि हेच काम करून म्हाताऱ्या झालेल्या कृपाबाई, सोनगीरकडच्या. आधी वाचायला लावलं. तुम्ही ओट्यावर बसवून शिकवलेलं, कुठे अडखळले नाही. साहेब खूश दिसले. मग कृपाबाईंनी विचारलं, "गेल्या अखाजीला बापाच्या नावाने घागर भरलीस म्हणे?"

"हो."

"घागरीवर डांगराचं फळ ठेवलंस?"

"ठेवलं."

"तुना बापले मरीसन बी तहान लागस का वं?"

डॉक्टरबाईंना कळलं नाही. मेलेल्या बापाला तहान लागते का, हे साहेबांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं, मग त्याही हसल्या.

मी खरं ते सांगितलं. बाप्तिस्मा घ्यायला परवानगी देताना तुम्ही एवढंच मागितलं होतं: "जा. पण मला मुलगा नाही, माझी घागर तू भर." साहेब हसले नाहीत. म्हणाले, "एका तोंडाने दोन शब्द कसे पाळशील? घागर की जागा, आत्ता सांग."

मी म्हटलं, जागा.

"मोठ्याने," कृपाबाई म्हणाल्या. "बापाला ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने म्हटलं. ऐकलंत का आबा?

जामनेरला घरी आल्यावर काकू कानात म्हणाली, "चोरून भर ना, कोण बघायला येतंय?" मला ते जमत नाही. घरीच शिकवलंत, चार पोरींत मिसळू दिलं नाहीत. थोडं खोटं वागायला मी कुठे शिकायचं होतं? आणि घागर मागून ठेवायची तरी काय गरज होती? नुसतं "जा" म्हटलं असतंत तर?

काका आजोबांच्या नावाने घागर भरतील. त्यातलं तुम्हाला मिळेल असं वाटत नाही.

दवाखान्यात कुणी शेवटचं पाणी मागितलं तर मी पाजीन. पण ते तुम्हाला पोचलं, अशी स्वतःची समजूत कधीच घालणार नाही. एवढा शब्द तुम्हाला देते. या अखाजीला आपल्या दाराशी येऊ नका.

तुमची सखू
(तिकडे मला सारा म्हणतात)